छंद आणि विद्या : बडोद्याच्या इतिहासातील तीन दाखले



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी शुद्ध मराठी लिहावयास शिकलो, त्याच शाळेने आपल्या सरांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी मला पाचारण केले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. सरांचे नाव या व्याख्यानमालेला आहे आणि ते येथे बसलेल्या प्रत्येकाच्या मनात आहे. म्हणून मी त्यांना नुसते 'सर' म्हणणार आहे. हयातीत आम्ही दुसरे काही म्हटले नाही.

विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. शनिवारचा शेवटचा तास सर 'छंदाचा तास' म्हणून घेत असत. त्या तासाला परीक्षा नव्हती, हजेरी नव्हती आणि गुण नव्हते. तरीही वर्गात गैरहजेरी नसे. १९६२ साली मी सातवीत असताना सरांनी याच तासाला रद्दीवाल्याकडून आणलेला जुन्या कागदांचा एक गठ्ठा टेबलावर ठेवला आणि त्यातला एक कागद माझ्यापुढे सरकवला. तो कोणा गृहस्थाच्या घरखर्चाचा मोडी कागद होता. मला तो वाचावयास चार महिने लागले. तेल, तूप, गूळ, कापड आणि शेवटी एका वैद्याची देणगी, एवढेच त्यात होते. परंतु पुढे मी प्रबंध लिहिला, पदवी मिळाली, अध्यापनात आयुष्य गेले, त्या सर्वांची सुरुवात त्या कागदापासून झाली, असे मी आज निःसंकोचपणे सांगू शकतो.

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठीचा प्राध्यापक दुसरीकडून सुरुवात कशी करणार? 'छंद' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक कवितेचा छंद, म्हणजे मात्रांचे व अक्षरांचे माप. दुसरा मनाचा छंद, म्हणजे आवड, ओढ. यास्कांनी या शब्दाचा संबंध छादन करण्याशी, म्हणजे झाकण्याशी जोडला. इतर अभ्यासक तो आवडणे, प्रसन्न करणे या अर्थाच्या धातूशी जोडतात. व्युत्पत्तीचा वाद आपण बाजूला ठेवू. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की 'स्वच्छंद' म्हणजे स्वतःच्या इच्छेने वागणारा आणि 'छंदोबद्ध' म्हणजे मापात बांधलेला, हे दोन्ही शब्द एकाच घराण्यातले आहेत. मोकळेपणा आणि माप या दोन गोष्टी भाषेने एकाच शब्दात नांदविल्या. व्यवहारात मात्र आपण त्यांची फारकत केली. 'छांदिष्ट', 'नादिष्ट' हे शब्द आपण कौतुकाने उच्चारत नाही. ज्याच्या हातून काही होणार नाही, त्याला आपण छांदिष्ट म्हणतो.

आज मी असे प्रतिपादन करणार आहे, की छंद म्हणजे स्वेच्छेने पत्करलेले माप होय. आणि विद्येला या मापाची गरज असते. यासाठी मी परदेशातील थोरांची उदाहरणे देणार नाही. आपल्या या बडोद्याशी ज्यांचा संबंध आला अशा माणसांचेच तीन दाखले पुरेसे आहेत.

पहिला दाखला धुंडिराज गोविंद फाळके यांचा. त्र्यंबकेश्वरास १८७० साली जन्मलेला हा शास्त्र्याचा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून बडोद्यास आला आणि येथील कलाभवनात दाखल झाला. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली स्थापन केलेल्या या संस्थेची धुरा प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे होती. रसायन, रंगकाम, सुतारकाम, चित्रकला यांचे शिक्षण एका छपराखाली देणारी अशी संस्था त्या काळी हिंदुस्थानात दुर्मीळ होती. फाळके तेथे चित्रकला शिकले. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी वास्तुकला पाहिली, मूर्तिकाम केले, कॅमेरा मिळविला आणि छायाचित्रे घेऊन ती स्वतः धुण्याचे प्रयोग आरंभिले. छपाईसाठी ठसे तयार करण्याची कला ते शिकले. पुढे एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखीचे प्रयोग शिकून त्यांनी आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने खेळही केले.

त्या वेळी त्यांच्याकडे पाहणाऱ्या एखाद्या व्यवहारी गृहस्थाने काय म्हटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. हा मुलगा एका जागी स्थिर नाही, दहा धंदे करतो, एकही धड नाही. परंतु पुढे फाळक्यांनी चलच्चित्राचा ध्यास घेतला, तेव्हा या विखुरलेल्या छंदांपैकी एकही वाया गेला नाही. दृश्याची मांडणी चित्रकाराने केली, देखावे वास्तुकलेच्या जाणकाराने उभारले, फिल्म धुण्याचे काम छायाचित्रकाराने केले आणि पडद्यावरचे चमत्कार जादूगाराने घडविले. हे चौघे जण एकाच माणसाच्या अंगात होते. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रेक्षकांसमोर आला.

त्याआधीचा त्यांचा एक लहानसा प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण करून त्या रोपाची वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखविली. एका वाटाण्यापुढे महिनाभर रोज ठरल्या वेळी उभे राहणे, याला लहर म्हणता येत नाही. हेच ते स्वेच्छेने पत्करलेले माप.

दुसरा दाखला गोविंद सखाराम सरदेसाई यांचा. कोकणातून आलेले हे पदवीधर १८८९ साली बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले. महाराजांना वाचून दाखविणे, त्यांच्यासाठी टिपणे काढणे, सांगितलेल्या इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे करणे आणि राजपुत्रांना शिकविणे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. राजपुत्रांना इतिहास शिकवावयाचा तर मराठीत सलग, विश्वसनीय पुस्तक नव्हते. म्हणून सरदेसाई स्वतःच टिपणे लिहू लागले. नोकरीचे काम शिकविण्याचे होते. टिपणे वाढवीत नेणे, ती मूळ कागदांशी ताडून पाहणे आणि एका पिढीनंतर दुसरी पिढी अशी कालानुक्रमाने मांडणे, हे कोणी सांगितलेले काम नव्हते. तो छंद होता. १८९८ साली 'मुसलमानी रियासत' प्रसिद्ध झाली आणि पुढे 'मराठी रियासती'चे खंडामागून खंड येत गेले.

सरदेसाई १९२५ साली सेवानिवृत्त होऊन कामशेतला जाऊन राहिले. अनेकांची लेखणी येथे विसावली असती. सरदेसायांनी त्यानंतर पुण्याच्या पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. आणि ऐंशी वर्षांचे वय ओलांडल्यावर मराठ्यांच्या इतिहासाचे इंग्रजी तीन खंड पूर्ण केले. नोकरीतून माणूस निवृत्त होतो, छंदातून होत नाही, हे येथे बसलेल्या माझ्या समवयस्कांनी विशेष लक्षात घ्यावे. त्यांच्या निष्कर्षांबद्दल पुढच्या संशोधकांनी मतभेद नोंदविले आहेत, आणि तसे व्हावयासच हवे. पण मतभेद नोंदविणाऱ्यांनाही सुरुवात रियासतीपासूनच करावी लागली.

तिसरा दाखला एका पिता-पुत्रांचा आहे. गोव्यातील सांखवाळ गावी १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांचे शालेय शिक्षण जेमतेम झाले. नारळाच्या बागेची देखरेख करणाऱ्या या तरुणाला वाचनाचा नाद होता. 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मराठी मासिकात त्याने बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्याच्या आयुष्याची दिशा पालटली. १८९९ च्या अखेरीस घर सोडून तो निघाला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास करीत त्याने पाली भाषेवर प्रभुत्व मिळविले. पुढे कलकत्त्याची अधिक पगाराची नोकरी सोडून धर्मानंदांनी सयाजीराव महाराजांकडून मिळणारी दरमहा ५० रुपयांची वृत्ती स्वीकारली, कारण तिची अट अशी होती, की मराठी मुलखात राहून त्यांनी ग्रंथलेखन करावे. एका मुलांच्या मासिकातील लेखामुळे मराठीला बौद्धविद्येचा एवढा मोठा अभ्यासक लाभला. मासिक कोणी विकत घेतले, कोणी त्या मुलाच्या हाती पडू दिले, हे इतिहास नोंदवीत नाही. परंतु शाळेच्या ग्रंथालयात जुनी मासिके रद्दीत घालताना त्या अज्ञात व्यक्तीची आठवण ठेवावी.

धर्मानंदांचे पुत्र दामोदर हे गणिताचे अध्यापक. त्यांना संख्याशास्त्र शिकावयाचे होते आणि ते प्रत्यक्ष एखाद्या प्रश्नावर चालवून पाहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी प्राचीन आहत नाणी निवडली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. जितके अधिक काळ फिरेल, तितके त्याचे वजन घटते आणि एकाच टांकसाळीतून सारख्या वजनाची निघालेली नाणी परस्परांपासून अधिकाधिक भिन्न होत जातात. ही गोष्ट त्यांनी चालू चलनातील नाणी तोलूनही पडताळून पाहिली. मग तक्षशिलेच्या ठेव्यातील नाण्यांच्या वजनांवरून त्यांचा कालक्रम कसा लावता येईल, हे त्यांनी दाखविले. एवढ्यावर प्रकरण मिटले असते. पण तोलताना प्रश्न उभा राहिला, ही नाणी पाडली कोणी? त्या प्रश्नाने त्यांना प्राचीन ग्रंथांकडे नेले, ग्रंथांनी संस्कृतच्या पाठचिकित्सेकडे. त्यातून भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली सिद्ध झाली. १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील सुप्रसिद्ध ग्रंथ आला आणि इतिहासाकडे पाहण्याची रीत बदलली. ज्यांना त्यांची भूमिका मान्य नाही, त्यांनाही तिची दखल घ्यावी लागते. या सर्वांच्या मुळाशी एक तराजू आणि काही झिजलेली नाणी होती.

हे तीन दाखले एकत्र ठेवले असता काय दिसते? पहिली गोष्ट अशी, की छंदातून मनुष्य नोंद ठेवावयास शिकतो. वाटाण्याची रोजची वाढ, दप्तरातील कागदाची तारीख, नाण्याचे वजन, या सर्व नोंदीच आहेत. दुसरी गोष्ट अशी, की छंदात प्रश्न स्वतःचा असतो. वर्गात प्रश्न शिक्षक विचारतात आणि उत्तर पुस्तकात असते. छंदात प्रश्न आपलाच असतो आणि उत्तर कोणालाच ठाऊक नसते. तिसरी गोष्ट चुकण्याची. परीक्षेतील चूक लपवावीशी वाटते. छंदातील चूक शोधून काढावीशी वाटते, कारण तिच्यावाचून पुढे जाता येत नाही. मी मोडी कागदावरचा एक शब्द तीन आठवडे चुकीचा वाचीत होतो. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याचा प्रघात नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही आणि लेखणी न उचलता लिहिलेली अक्षरे एकमेकांत मिसळतात. सरांनी मला शब्द सांगितला नाही. ते म्हणाले, "हेच अक्षर कागदावर आणखी कुठे आहे ते शोध. तिथं ते काय आहे?" मी शोधले, आणि ज्याला मी 'देणगी' समजत होतो ते वैद्याचे 'देणे' निघाले. त्या गृहस्थाच्या घरात दानधर्म नव्हे, आजारपण होते. मघाशी या व्याख्यानाच्या आरंभी मी मुद्दामच माझे जुने, चुकीचे वाचन आपणास सांगितले. अंदाज करू नकोस, ताडून पाहा, हा संशोधनाचा पहिला धडा मला विद्यापीठात नव्हे, या इमारतीत मिळाला.

मात्र छंदाचे नुसते गोडवे गाणे हे इतिहासाला धरून होणार नाही. छंदाची किंमत द्यावी लागते आणि ती पुष्कळदा घरातील दुसरेच कोणी देते. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, डोळ्यांवर ताण पडून काही काळ त्यांची दृष्टी गेली. सरस्वतीबाई फाळके यांनी घरातील सर्वांचा स्वयंपाक सांभाळून रात्री फिल्मला भोके पाडण्याचे काम केले. त्या कामाला आपण छंद म्हणणार की कष्ट?

माझ्या स्वतःच्या घरातील गोष्ट सांगतो. आमची आजी जात्यावर ओव्या म्हणत असे. माझ्या थोरल्या बहिणीने शाळकरी वयात त्या ओव्या एका वहीत उतरवून घेतल्या. दोनशेच्या वर असतील. माझ्या मोडीच्या कागदांचे घरात कौतुक झाले, त्यांच्यासाठी लाकडी पेटी आली. ताईची वही कोणी पाहावयास मागितली नाही. मीही नाही. तिचे लग्न झाले आणि दिवाळीच्या साफसफाईत ती वही गेली. पुढे मी लोकसाहित्य शिकवू लागलो, तेव्हा ती वही आठवून मला खजील व्हावे लागे. म्हणून छंदाला वाव देणे म्हणजे केवळ उत्तेजन देणे नव्हे. कोणाला रिकामा वेळ मिळतो आणि कोणाची वही जपली जाते, हेही पाहणे होय.

आता मला एक कबुली द्यावयाची आहे, आणि ती दिल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. १९९० नंतरच्या काही वर्षांत मी या संस्थेच्या समितीवर होतो. मराठी माध्यमाची पटसंख्या घटत होती. पालक विचारीत, मराठीत शिकून मुलाचे पुढे काय होणार? दहावीचा निकाल उंचावला तरच शाळा टिकेल, असे आम्हा सर्वांना वाटू लागले. त्या सभेत शनिवारचा छंदाचा तास गणित आणि विज्ञानाच्या जादा वर्गाला देण्याचा ठराव आला. ठराव एकमताने संमत झाला. त्यावर माझीही सही आहे.

सर तेव्हा निवृत्त झाले होते. पण शनिवारी तासापुरते येत असत. त्यांना ठराव कळविण्याचे काम मजकडे आले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मग मुलं शनिवारी काय करतील?" मी म्हणालो, "गणित करतील, सर." ते हसले आणि म्हणाले, "ती तर सोमवारीही करतात." त्यानंतर ते शनिवारी आले नाहीत.

निकाल त्यानंतर थोडा सुधारला की नाही, याची चर्चा मी करणार नाही. चांगला निकाल छंदाच्या तासाच्या काळातही लागत असे आणि वाईटही लागत असे. पटसंख्या मात्र त्या ठरावाने सावरली नाही. शाळा वाचविण्यासाठी आम्ही जे दिले, ते शाळेच्या वेगळेपणाचे एक कारणच होते, हे मला फार उशिरा उमगले. सरांच्या हयातीत मी त्यांना हे सांगितले नाही. आज त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून सांगत आहे.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. परंतु सक्तीच्या पाठोपाठ १९१० पासून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे विणले, पेट्यांतून गावोगावी पुस्तके पाठविली आणि मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग ठेवला, ही दुसरी बाजू आपण विसरतो. सक्तीने मूल शाळेपर्यंत येते. पुढे त्याने आपल्या पायांनी चालावे यासाठी दुसरी सोय लागते, हे त्या राजाने जाणले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, असे सुचविले आहे. दहा दिवस पुरेसे नाहीत. पण दार किलकिले झाले आहे.

म्हणून संस्थेकडे माझी एक नम्र मागणी आहे. शनिवारचा शेवटचा तास पुन्हा मुलांना द्यावा. त्यासाठी पैसा लागत नाही. एक कपाट, एक टेबल आणि मुलांना न हटकणारा एक शिक्षक पुरेसा आहे. कोणी पाने जमवील, कोणी नाणी तोलील, कोणी आजीच्या ओव्या उतरवील. जे मूल काहीच करणार नाही, त्यालाही तो तास रिकामा मिळू द्यावा. गुण देऊ नयेत, स्पर्धा भरवू नयेत, प्रमाणपत्रे वाटू नयेत. कारण माप बाहेरून आले की छंदाचा विषय होतो. मोडी शिकावयास कोणी आले, तर प्रकृती साथ देईल तोवर मी स्वतः दर शनिवारी येईन. माझ्या पेटीतील कागद, त्या वैद्याच्या देण्यासह, मी शाळेच्या स्वाधीन करीत आहे.

माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो, की घरी एखाद्या मुलीची वही दिसली, तर ती उघडून पाहा आणि जपून ठेवा.

सरांच्या प्रश्नाला तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुले शनिवारी काय करतील, हे आपण आधीच ठरवू नये, एवढे उत्तर आज देता येते. ते त्यांच्या स्मृतीला अर्पण करून मी आपली रजा घेतो.